अर्धवट वाजवलेलं गाणं एकमेकांना ऐकवा: हौशी गिटारवादकांसाठी फिंगरस्टाइल कव्हर बसवण्याची पद्धत

फिंगरस्टाइल, म्हणजे धून आणि साथ एकाच गिटारवर बोटांनी वाजवणं, शिकणाऱ्या बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. गाण्याचा मुखडा बसतो, अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीत अंगठा लय सोडतो, आणि मग रोज सुरुवातीपासून वाजवून त्याच जागी थांबायची सवय लागते. कोणाला ऐकवावं तर गाणं अजून पुरं झालेलं नाही, म्हणून ऐकवायचं राहतं. काही आठवड्यांनी ते गाणं सुटतं आणि दुसरं सुरू होतं.

यावर मला एकच उपाय खात्रीने सांगता येतो. तीन ते पाच हौशी वादकांनी मिळून एकच गाणं घ्यावं आणि अर्धवट अवस्थेतच एकमेकांना ऐकवत जावं. फिंगरस्टाइलमध्ये बेस (खालचे जाड स्वर), धून आणि मधला भरणा ही तिन्ही कामं एकाच माणसाकडे असतात. वाजवताना त्याचं सगळं लक्ष बोटांकडे असतं, त्यामुळे आपलं गाणं बाहेर कसं ऐकू येतंय हे त्याला कळत नाही. शेजारी बसून ऐकणाऱ्याला ते कळतं. त्याने फक्त नेमकं सांगायला शिकलं पाहिजे, आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

गाणं निवडताना

सगळ्यांना तोंडपाठ असलेलं गाणं घ्या. शब्दांसकट पाठ हवं, कारण धून वाजवताना मनातल्या मनात शब्द म्हणायचे आहेत. चाल साधारण एका सप्तकात फिरणारी असावी, लय मध्यम किंवा थोडी संथ. केरवा किंवा दादरा असेल तर सोन्याहून पिवळं. मराठी भावगीतं, भक्तिगीतं आणि जुनी चित्रपटगीतं यांत अशी गाणी भरपूर सापडतील. ज्या गाण्याची सगळी मजा वाद्यमेळात किंवा गायकाच्या तानांत आहे, ते पहिल्या खेपेला बाजूला ठेवा.

गटात कोणी नवखा असेल तर गाणं त्याच्या कुवतीचं निवडा. सरस वादकाला साध्या गाण्यातही करण्यासारखं खूप असतं, पण अवघड गाण्यात नवख्याच्या वाट्याला काहीच उरत नाही.

वाद्याची तयारी, थोडक्यात

तुमच्याकडे आहे ती गिटार चालेल. साध्या अकूस्टिक गिटारीचा नट (गळ्याच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) बहुधा ४३ मिलिमीटरच्या आसपास रुंद असतो. फिंगरस्टाइलसाठी बनवलेल्या गिटारींचा ४४ ते ४५, आणि नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारीचा साधारण ५२. जागा जास्त असली की उजव्या हाताला सोपं जातं, पण त्यासाठी नवी गिटार घ्यायची गरज नाही. तारा १२ नंबरच्या असतील आणि बोटं फार दुखत असतील तर ११ किंवा १० नंबरचा सेट लावून बघा.

मुंबई आणि कोकणातल्यांनी पावसाळ्यात गिटार भिंतीवर टांगून ठेवू नये. अकूस्टिक गिटारीला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्याहून फार वाढली की लाकूड फुगतं, तारा फ्रेटबोर्डापासून उचलल्या जातात आणि दाबायला जड होतात. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्याने पुसा, आणि गिटार केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

उजव्या हाताची नखं बोटाच्या टोकापुढे एक-दीड मिलिमीटर आली की पुरतात. स्वयंपाक, तबला किंवा कामाच्या स्वरूपामुळे नखं ठेवता येत नसतील तर बोटांच्या मांसल टोकांनी वाजवा. तो आवाज मऊ येतो आणि भावगीताला शोभतो. डाव्या हाताची बोटं सुरुवातीला हुळहुळतात, ते काही दिवसांत सरतं. मनगटात कळ येत असेल किंवा बोटांना मुंग्या येत असतील तर मात्र वाजवणं लगेच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा.

सहावी तार उतरवा

आपल्या गाण्यांसाठी ड्रॉप डी ट्यूनिंग मला फार जवळचं वाटतं. सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार, दोन फ्रेट (गळ्यावरच्या आडव्या पट्ट्यांमधली घरं) खाली उतरवायची. ई होती ती डी होते. बरोबर लागली का हे बघायला सहावी आणि चौथी मोकळी, म्हणजे न दाबता, एकत्र छेडा, एका सप्तकाच्या अंतरावर एकच स्वर ऐकू यायला हवा. दुसरी खूण अशी की सहावीचा सातवा फ्रेट आणि मोकळी पाचवी तार एकच स्वर देतात.

आता डी हा सा धरा. सहावी, पाचवी आणि चौथी या तिन्ही मोकळ्या तारा सा, प, सा अशा वाजतील. अंगठ्याला दाबलेल्या फ्रेटची गरजच उरली नाही आणि डावा हात पूर्णपणे धुनेसाठी मोकळा झाला. सी कॉर्ड धरून त्यातच करंगळीने धून शोधण्यात नवख्याचे महिने जातात, ते इथे वाचतात. शिवाय खाली सा-पंचम सतत घुमत राहतो आणि आपल्या कानाला चाल घरच्यासारखी वाटते.

वरच्या दोन तारांवर स्वर असे मिळतात. दुसरी तार मोकळी म्हणजे मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, ध, पहिल्या फ्रेटवर कोमल नी, दुसऱ्यावर शुद्ध नी, तिसऱ्यावर सा. पहिली तार मोकळी म्हणजे रे, पहिल्या फ्रेटवर कोमल ग, दुसऱ्यावर शुद्ध ग, तिसऱ्यावर म, पाचव्यावर प, सातव्यावर ध, दहाव्यावर वरच्या सप्तकातला सा. मंद्र प हवा असेल तर तिसऱ्या तारेचा दुसरा फ्रेट. हार्मोनियमची सवय असलेल्या माणसाला एवढ्यावर निम्मी गाणी काढता येतील.

सोबत कोणी गाणार असेल तर कॅपो (सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा) लावा. डी म्हणजे पांढरी दोन. कॅपो पहिल्या फ्रेटवर लावला की काळी दोन होते, तिसऱ्यावर लावला की पांढरी चार.

आधी फक्त धून, मग फक्त अंगठा

उजव्या हाताची वाटणी ठरलेली ठेवा. अंगठा सहावी, पाचवी, चौथी सांभाळतो. तर्जनी तिसरी तार, मधलं बोट दुसरी, अनामिका पहिली. पुढे गरजेनुसार हे बदलता येतं, पण पहिल्या गाण्यात शक्यतो बदलू नका.

धून एकटी वाजवा. शब्द मनात म्हणत वाजवा, म्हणजे कुठला स्वर लांबतो आणि गायक श्वास कुठे घेतो हे आपोआप हातात येतं. मुरकी आणि हरकती सुरुवातीला गाळून टाका, सांगाडा तेवढा राहू द्या. हे पहिल्या आठवड्याचं काम आहे, आणि प्रत्येकाने नुसती धून ध्वनिमुद्रित करून गटाला पाठवायची आहे. पाच जणांच्या पाच धुना शेजारी ठेवून ऐकल्या की चाल कोणी कुठे चुकीची धरली आहे हे लगेच कळतं. बेस चढवल्यावर ती चूक दुरुस्त करायची तर सगळं पुन्हा बांधावं लागतं.

मग अंगठा. केरव्याच्या आठ मात्रांत पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या मात्रेला अंगठा पडतो: सहावी, चौथी, पाचवी, चौथी. समेवरची सहावी तार ठळक, पाचव्या मात्रेवरची, म्हणजे तालातल्या 'खाली'ची, हलकी. दादऱ्यात पहिल्या मात्रेला सहावी आणि चौथीला पाचवी एवढं पुरतं. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र किंवा फोनवरचं ॲप) ६० वर ठेवा, एका मात्रेला एक ठोका. अंगठा चालू ठेवून घरच्यांशी बोलता आलं की पुढे जा. बोलताना लय तुटत असेल तर अजून तयारी झालेली नाही, तिथेच थांबा.

रात्री उशिरा रियाज करणाऱ्यांनी ब्रिजजवळ (खोक्यावर तारा अडकवलेल्या पट्टीजवळ) तारांखाली हातरुमाल सरकवून ठेवावा. आवाज दबतो, शेजारी झोपतात, आणि तारेचा नाद नसल्यामुळे अंगठ्याची लय उघडी पडते. अंगठ्याच्या रियाजासाठी मी हे दिवसाही करायला सांगेन.

जोडणी

खरी कसोटी इथे लागते, म्हणून या टप्प्याला भरपूर वेळ द्या. सरावासाठी भूप रागातली सगळ्यांच्या कानातली स्वरसंगती घेऊ.

पहिलं आवर्तन: पहिल्या मात्रेला ग, तिसरीला रे, पाचवीला सा, सातवीला मंद्र ध. दुसरं: पहिल्या मात्रेला सा, तिसरीला रे, पाचवीला ग, आणि तो आठवीपर्यंत लांबवायचा. तिसरं: प चार मात्रा, ग चार मात्रा. चौथं: ध, प, ग, रे, प्रत्येकी दोन मात्रा. पुढच्या समेला सा.

बघा, प्रत्येक स्वर अंगठ्याच्या ठोक्यावरच पडतोय. म्हणजे अंगठा आणि वरचं बोट एकाच वेळी चिमटीसारखं तार सोडतात. डाव्या हाताची तर्जनी दुसऱ्या फ्रेटवर, मधलं बोट तिसऱ्यावर, करंगळी पाचव्यावर अशी हाताची जागा ठरवा. ग, सा आणि प हात न हलवता मिळतात. पंचमावरून धैवतावर जाताना करंगळी तार न सोडता पाचव्यावरून सातव्या फ्रेटवर घसरवा. ही झाली मींड. आपल्या चालींचा जीव अशा जागांत असतो, त्या कितीही घोटल्या तरी कमीच.

हे सहज आलं की एकच बदल करा. पहिल्या आवर्तनातला रे तिसऱ्या मात्रेवरून उचलून चौथ्या मात्रेवर ठेवा. आता तिसऱ्या मात्रेला अंगठा एकटा पडेल, रे त्याच्या मागून येईल, आणि पाचव्या मात्रेला सा पुन्हा चिमटीत. इथे जवळजवळ प्रत्येकाचा अंगठा बोटाच्या मागे धावतो आणि चौथ्या मात्रेलाच पडतो. मेट्रोनोम ५० वर आणा. चौथ्या मात्रेनंतर थांबा, पुन्हा पहिल्यापासून चार मात्रा. त्या चार जमल्याशिवाय पाचवीकडे जाऊ नका. कव्हर गाण्यातल्या बहुतेक अवघड जागा म्हणजे हीच अडचण वेगवेगळ्या मात्रांवर आलेली असते.

याच टप्प्यावर जोडीदाराचा सर्वांत जास्त उपयोग होतो. दोघे समोरासमोर बसा. एकाने फक्त अंगठ्याची बाजू वाजवायची, दुसऱ्याने फक्त धून. मग अदलाबदल. धून वाजवणाऱ्याला खालून पक्की लय मिळते आणि दोन्ही मिळून काय ऐकू यायला हवं हे कानात बसतं. कानाला ते पक्कं कळलं की हाताला तिथपर्यंत पोहोचणं सोपं जातं. दोघे वेगवेगळ्या शहरांत असाल तर एकाने अंगठ्याची बाजू मुद्रित करून पाठवावी आणि दुसऱ्याने ती हेडफोनवर लावून त्यावर धून वाजवावी.

मूळ गाण्यात कॉर्ड बदलतात तिथे काय करायचं? पंचमाचा कॉर्ड आला तर समेला मोकळी पाचवी तार घ्या. मध्यमाचा आला तर अंगठ्याने तिसरी मोकळी तार घ्या, तो मध्यमच आहे. खर्जातला म हवा असेल तर सहावीचा पाचवा फ्रेट, पण तो नंतर. पहिल्या गाण्यात सगळे कॉर्ड उतरवायचा अट्टहास नको.

कसं ऐकवायचं

आठवड्यातून एक दिवस ठरवा, रविवार संध्याकाळ बहुतेकांना जमते. त्या दिवशी प्रत्येकाने अर्धा ते एक मिनिट वाजवलेलं पाठवायचं, जसं असेल तसं. पुन्हा पुन्हा मुद्रण करून त्यातलं सर्वांत बरं निवडू नका. पहिल्या दोन-तीन प्रयत्नांतलं एक पाठवा, कारण अडचण त्यातच ऐकू येते.

फोन बाराव्या फ्रेटच्या समोर, हातभर अंतरावर ठेवा. साउंडहोलच्या, म्हणजे गिटारीच्या मधल्या भोकाच्या, थेट समोर ठेवला तर बेस घुमतो आणि धून बुडते. व्हॉइस मेसेज टाळा. तो बोलण्यासाठी बनवलेला असतो, तारेचा लांबणारा नाद त्यात दबतो. रेकॉर्डरवर मुद्रित करून फाइल पाठवा.

पाठवताना दोन ओळी लिहा: आज काय ऐकायला हवंय आणि काय सध्या सोडून द्यायचंय. "दुसऱ्या ओळीत अंगठा तुटतोय का एवढंच ऐका, मींड अजून कच्ची आहे." असं लिहिलं की ऐकणाऱ्याचं काम सोपं होतं आणि नको त्या सूचना येत नाहीत.

कसं सांगायचं

"मस्त", "एक नंबर", अंगठा वर. ऐकून बरं वाटतं, पण त्यातून वाजवणाऱ्याला काय जपायचं ते कळत नाही. जे आवडलं ते जागेसकट सांगा. "चौदाव्या सेकंदाला गंधारावरून पंचमावर गेलीस तिथे खालचा सा तुटला नाही, ती जागा फार सुंदर आलीय." मागच्या रविवारचं आठवून सांगता आलं तर त्याहून उत्तम: "गेल्या वेळी इथे थांबायचास, आज थांबला नाहीस." स्वतःची प्रगती वाजवणाऱ्याला सहसा जाणवत नाही, कारण तो रोज थोडी थोडी बघतो. आठवड्याने ऐकणाऱ्याला ती स्पष्ट दिसते, म्हणून ते सांगण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावर आहे. मनापासून आवडलं नसेल तर खोटं कौतुक करू नका. त्यापेक्षा प्रश्न विचारा.

सुधारणा एका वेळी एकच सांगा. पाच जणांनी पाच सुचवल्या तर माणूस हात टेकतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण येते, ती वयाची. गटात निवृत्त काका असतात आणि कॉलेजची मुलंही. मुलं काकांना चूक दाखवत नाहीत, नुसतं "छान वाजवलंत" म्हणतात. काकांना शिकायचं असतं आणि ते मागे राहतात. अशा वेळी प्रश्न कामाला येतो: "काका, तिसऱ्या ओळीत बेस मुद्दाम थांबवलात का? तो चालू ठेवला तर कसं वाटेल?" मान राहतो आणि मुद्दाही पोहोचतो. मोठ्यांनीही पहिल्याच दिवशी स्वतःहून सांगावं, "माझं चुकलं तर मोकळेपणाने सांगा." उलट बाजूने, मोठ्यांनी मुलांना "आमच्या वेळी" ऐकवू नये, जागा ऐकवाव्यात.

कोणी पाठवायचं बंद केलं तर सगळ्यांसमोर "कुठे गायब?" विचारू नका. त्याला एकट्याला फोन करा आणि अगदी छोटं काम मागा: "मला अंतऱ्याचा नुसता बेस पाठवशील? त्यावर मला धून वाजवायचीय." आपली कोणाला तरी गरज आहे हे कळलं की माणूस गिटार पुन्हा हातात घेतो.

या परंपरेत अशा आधाराची मोठी उदाहरणं आहेत. अमेरिकन गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्स यांनी दुसरे अमेरिकन गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांना रेडिओवर ऐकलं. ट्रॅव्हिस मुख्यतः अंगठा आणि तर्जनीनेच वाजवत, पण रेडिओवर हात दिसत नसल्यामुळे अ‍ॅटकिन्सनी जास्त बोटं वापरून ती शैली शोधली आणि त्यातून त्यांची स्वतःची घडली. पुढे ऑस्ट्रेलियातल्या टॉमी इमॅन्युएल या मुलाने अ‍ॅटकिन्सना पत्र लिहिलं आणि त्याला उत्तर आलं. १९८० मध्ये दोघे नॅशव्हिलला भेटले, आणि १९९९ मध्ये अ‍ॅटकिन्सनी त्याला 'सर्टिफाइड गिटार प्लेअर' हा आपला मोजक्या वादकांना दिलेला किताब दिला. तुमच्या गटातल्या मुलीला दोन ओळी लिहिताना हे पत्र लक्षात असू द्या.

सजावट आणि पूर्ण गाणं

धून आणि अंगठा न अडखळता जुळले की मगच मधले भरणे घ्या. गायक जिथे श्वास घेतो त्या रिकाम्या जागेत तर्जनीने तिसऱ्या तारेवर एखादा स्वर टाका. मुरक्या आता परत आणा, हॅमर-ऑन आणि पुल-ऑफने (डाव्या हाताचं बोट तारेवर आपटून किंवा तारेवरून ओढून काढलेले स्वर), तेही एका ओळीत एखादीच. धून नेहमी बेसपेक्षा ठळक ऐकू आली पाहिजे. हे तपासायला फोन दुसऱ्या खोलीत ठेवून मुद्रण करा. गाणं ओळखू आलं तर तोल बरोबर आहे.

लय दर वेळी चार-पाच ठोक्यांनी वाढवा. ओळखीच्या लयीच्या थोडं खालीच थांबलात तरी हरकत नाही, संथ फिंगरस्टाइल कानाला गोड लागतं.

मग एक घरगुती बैठक ठरवा. कोजागिरी जवळ असेल तर फारच छान. प्रत्येकाने तेच गाणं वाजवायचं, आपल्या पद्धतीने. एकाचं दादऱ्यात गेलेलं असेल, एकीने मींड भरपूर घेतली असेल, काकांनी बेस अगदी मोजका ठेवला असेल. ऐकणाऱ्यांत वाद्य न वाजवणारे दोन-तीन जण जरूर बोलवा. ते गुणगुणायला लागले तर धून पोहोचली. गाण्याआधी गीतकार, संगीतकार आणि मूळ गायकाचं नाव घ्या. मुद्रण सार्वजनिक करणार असाल तर श्रेय देणं आणि परवानगी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ध्यानात ठेवा.

पुढचं गाणं गटातल्या सर्वांत नव्या माणसाला निवडू द्या, आणि पुढच्या रविवारी त्याची नुसती धून मागवा.